सुतकाचं सांबर

रादिन रानातून हात हलवत परत यायचा, आणि त्याचं आता कुणाला आश्चर्य वाटत नव्हतं. अख्खं गाव एका छपराखाली राहतं त्या लांबघराच्या ओसरीवर जाळी विणत बसलेली माणसं मान वर करून बघायची आणि त्याच्या पाठीवरची टोपली रिकामी दिसली की पुन्हा जाळ्यात डोकं घालायची. टोमणा कुणी मारला नाही. उलट जो तो त्याचीच बाजू घ्यायचा. वरच्या खोऱ्यात होता तेव्हा हा माणूस डोळे मिटून सांबराच्या पुढ्यात जाऊन उभा राहायचा. ते खोरं धरणाच्या पाण्याखाली गेलं. सरकारने सगळ्यांना खाली आणून वसवलं, नवं लांबघर दिलं, पत्र्याचं छप्पर दिलं, नळसुद्धा दिला. रान मात्र नदीपलीकडच्या लोकांचं. परक्या रानात बिचाऱ्याने करायचं काय, असं सगळे म्हणायचे.

लोक भले होते, पण त्यांचा अंदाज साफ चुकला होता. रान परकं होतं हे खरं. तरीही वर्षभरात दोनदा रादिनच्या समोर सांबर येऊन उभं राहिलं होतं, एकदा तर इतकं जवळ की त्याच्या कानावरची गोचीड दिसत होती. दोन्ही वेळा रादिनने बंदूक उचलली, थोडा वेळ धरली आणि खाली ठेवली. मग घरी येऊन तो सांगायचा की वाटेत भेकर ओरडलं. शिकारीला निघालेल्या माणसाच्या वाटेवर भेकर ओरडलं तर त्याने पुढे जायचं नाही, हे शेंबड्या पोराला ठाऊक. त्यावर कोण काय बोलणार? शकुनाला साक्षीदार लागत नाही.

त्याची बायको लुन्सा मात्र गप्प बसणारी नव्हती. ती म्हणायची, “या रानातली भेकरं भारीच चौकस दिसतात. तुम्ही उंबरा ओलांडला की त्यांना कोण कळवतं?”

भानगड अशी होती. रादिनचा एकुलता एक मुलगा सालांग हा नदीच्या मुखाजवळच्या लाकडाच्या वखारीत कामाला होता. गेल्या साली ओंडक्यांची रास सरकली आणि तो खाली सापडून मेला. त्याला इथे नव्या जागेत पुरलं. लांबघराचं सुतक महिन्याभरात फिटलं, सुतकात बंद ठेवलेल्या घंटा पुन्हा वाजू लागल्या. उरलं ते एका दाराचं, म्हणजे रादिनच्या कुटुंबाचं सुतक, आणि त्यातही खरं सुतक सालांगच्या बायकोचं. सेलाका काळं लुगडं गुंडाळून होती. कानात काही नाही, केसांना तेल नाही. दुसऱ्या घरी वस्तीला जायचं नाही, परक्या पुरुषाबरोबर हसायचं नाही. सालांगचे कपडे, कोयता, तंबाखूची डबी असं सगळं एका टोपलीत घालून, वेताच्या दोरीने बांधून, खोलीत टांगून ठेवलं होतं. ती दोरी कापली की बाई मोकळी. पण दोरी कापायच्या दिवशी गावजेवण हवं, आणि त्यात सांबराचं मांस हवं, तेही मेलेल्याच्या बापाने किंवा भावाने स्वतःच्या हाताने मारलेलं. बाजारातलं डुक्कर आणून भागत नाही. सालांगला भाऊ नव्हता. म्हणजे सगळं येऊन रादिनच्या बंदुकीवर अडलं.

आणि बंदूक बोलत नव्हती, कारण बंदूकवाल्याची इच्छा नव्हती. सेलाका मोकळी झाली की जाणार, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. तिला मूल नव्हतं, की तिला घराशी बांधून ठेवील. पहाटे ती भात शिजवायची. रादिन रानातून आला की शिडीशी बसून त्याच्या पायाच्या जळवा काढायची, बंदूक पुसून तेल लावून खुंटीला टांगायची. “उद्या मिळेल, बाबा,” एवढंच म्हणायची. ते ऐकून रादिनला लाज वाटायची. तरी पुढच्या खेपेला तो पुन्हा तेच करायचा.

मुनान या सगळ्यात कुठून आला? तर नदीपलीकडून. हे रान ज्यांचं, त्या लांबघरातला तो. तिशी ओलांडलेला, बायको बाळंतपणात गेलेली, होड्यांची इंजिनं दुरुस्त करण्यात हात बसलेला. रादिनच्या होडीचं इंजिन एकदा बिघडलं म्हणून त्याला बोलावलं. मग ते वरचेवर बिघडू लागलं. “आपलं इंजिन फार लाडावलंय,” लुन्सा म्हणायची. मुनान ओसरीवर बसून नटबोल्ट पुसायचा, आत सेलाकाचा माग खटखट करत असायचा, मध्ये भिंत. बोट ठेवायला कुठे जागा नव्हती. पण तो आला की आतला माग जरा जलद चालायचा, आणि रादिनला ते ऐकू यायचं.

शेवटी लुन्साने स्वतःच गाठ घातली. एका संध्याकाळी ओसरीवर चार माणसं बसलेली असताना तिने मुनानला सांगितलं, की रान तुमचं, वाटा तुम्हाला ठाऊक, तर आमच्या ह्यांना घेऊन जा एकदा. मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, “ऐकलंत का? वाट तो दाखवील. तुम्ही नुसता चाप ओढायचा.”

ज्याची जमीन तोच वाट दाखवायला तयार असताना नको म्हणणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकणं. रादिनने होकारार्थी मान हलवली. आत माग थांबला होता.

दुसऱ्या दिवशी उजाडताना ते निघाले. सेलाकाने पानात बांधलेला भात आणि खारवलेले मासे रादिनच्या टोपलीत ठेवले. मुनानकडे तिने पाहिलंसुद्धा नाही, पण भाताच्या पुड्या दोन होत्या. मुनानबरोबर त्याचा एक लाल कुत्रा होता आणि कमरेला कोयता. बंदूक त्याने आणली नव्हती.

नदी ओलांडून ते चढाला लागले. रादिनचा उजवा गुडघा पहिल्या चढणीलाच कुरकुरू लागला. साठी जवळ आलेली, रात्री झोप नाही, आणि गेलं वर्षभर अंगात जो थकवा भरला होता तो झोपेने जाणारा नव्हताच. त्यात हे रान. त्याच्या खोऱ्यातले सगळे ओढे मावळतीकडे वाहायचे. पाण्याचा आवाज ऐकला की त्याला आपण कुठे उभे आहोत ते कळायचं. इथले ओढे मन मानेल तिकडे वाहत होते. रादिन पाण्याच्या अंदाजाने वळायचा आणि मुनान मागून हळूच खोकायचा. मग रादिन काही न बोलता दुसरीकडे वळायचा. असं तीनचार वेळा झालं. माणूस भला होता, चुकलात म्हणून एकदाही म्हणाला नाही. पण त्याच्या त्या खोकण्याचाही रादिनला राग येत होता. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांना वाटा दाखवल्या, त्याला आज खोकून हाकावं लागत होतं.

झाडंही ओळखीची आणि अनोळखी. म्हणजे जात तीच, पण कुणाच्याच अंगावर आपली खूण नाही. तिकडे प्रत्येक वळणाला काही ना काही घडलेलं होतं. एका वळणावर अस्वलाने सालांगच्या आजोबाला झाडावर चढवलं, दुसऱ्यावर लुन्साला पहिल्यांदा पाहिलं. ते सगळं आता माशांच्या ताब्यात होतं. इथे कोणत्याही झाडाखाली बसलं तरी रादिनला आठवण्यासारखं काही नव्हतं.

दुसऱ्या खिंडीच्या अलीकडे एका मऊ जागी मुनान वाकला. ताजा माग होता. मोठं जनावर, खुरांच्या कडा अजून ओल्या. पुढे थोड्या अंतरावर खाऱ्या पाण्याचा झरा आहे, सांबरं तिथे चाटायला येतात, असं तो हळू आवाजात म्हणाला. कुत्र्याने कान टवकारले.

आणि तेवढ्यात वाटेच्या उजव्या अंगाला, अगदी जवळून, भेकर ओरडलं.

एकदा. मग पुन्हा एकदा. चुकूनसुद्धा दुसरं काही म्हणता येऊ नये इतकं स्पष्ट.

दोघेही जागच्या जागी थांबले. रादिनच्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल, तर हसू. वर्षभर जे भेकर त्याने मनाने ओरडवलं ते आज खरोखर ओरडत होतं. आता काही बनवून सांगायची गरज नव्हती. साक्षीदारही सोबत होता.

“फिरू या मागे, काका,” मुनान म्हणाला.

रादिनने त्याच्याकडे पाहिलं. मुनानच्या चेहऱ्यावरचं सगळं पाणी उतरलं होतं. पायाशी ताजा माग, पुढे झरा, आणि त्याच्यासाठी या एका जनावरात जे होतं ते दुसऱ्या कुणाला सांगूनही कळलं नसतं. तरी तो मागे फिरायला निघाला होता. रीत होती म्हणून. रादिनला त्याचा पहिल्यांदाच हेवा वाटला. आपण शकुनाची इतकी टिंगल केली, आणि हा पोरगा स्वतःच्या नशिबावर पाय देऊन तो पाळतोय.

मग रादिनला घर दिसलं. ओसरीवर माना वर होतील. तो म्हणेल, भेकर ओरडलं. मुनान म्हणेल, हो, ओरडलं. लुन्सा काही बोलणार नाही, आणि तेच जास्त वाईट. सेलाका जळवा काढील आणि म्हणेल, उद्या मिळेल, बाबा. रादिनला एकदम वाटलं की आपल्याच्याने हे आणखी एकदा होणार नाही. चालून चालून तो दमला होता, पण खोटं बोलून त्याहून जास्त दमला होता.

“बसू या,” तो म्हणाला. “आग करू. घास खाऊ. शकुन जाईल निघून.”

तशी सोय रीतीतच आहे. वाईट आवाज ऐकला तर तिथल्या तिथे बसायचं, चार काटक्या पेटवायच्या, पान खायचं, जणू आपण शिकारीला निघालोच नव्हतो. आवाजाचं ओझं तिथेच उतरतं. काही जण ते मानतात, काही जण घरीच परततात. मुनानला आश्चर्य वाटलेलं दिसलं, पण त्याने काटक्या गोळा केल्या. लाकूड ओलं होतं. धूर फार झाला आणि आग थोडी. दोघे भाताच्या पुड्या सोडून बसले.

भात अर्धा झाल्यावर मुनानने विचारलं, “काका, काडतुसं किती आहेत तुमच्याकडे?”

“तीन.”

“आणि गेल्या साली किती होती?”

रादिनचा घास हातातच राहिला. मुनान आगीत काडी खुपसत, वर न बघता म्हणाला, “सेलाका म्हणाली होती, भिंतीआडून. नेम चुकायलासुद्धा काडतूस लागतं, म्हणाली. माझे सासरे वर्षभर रानात जातात आणि एकदाही चुकत नाहीत.”

केव्हापासून ठाऊक आहे तिला, असं रादिनने विचारलं. मुनान म्हणाला, तिसऱ्याचौथ्या खेपेपासून. बंदूक तीच पुसते ना. नळीत काजळी नसायची.

“मग बोलली का नाही?”

“मीही तेच विचारलं. म्हणाली, त्यांना दमू दे. दमले की मारतील. आणि तू घाई करणार असशील तर आमच्या होडीला हात लावायला पुन्हा येऊ नकोस.”

रादिनला आधी राग आला. आपली कीव केली गेली याचा राग. चोरी उघडी पडल्यावर चोराला येतो तसला. घरातली सून तोंडाने ‘उद्या मिळेल’ म्हणत होती आणि मनात सगळं धरून बसली होती. पण राग धरून ठेवायलाही अंगात ताकद लागते, आणि ती त्याच्याजवळ उरली नव्हती. आग विझेपर्यंत रागही विझला. त्या मुलीने एक वर्ष केसांना तेल लावलं नव्हतं. तिने फक्त तोंड उघडायचं होतं, सगळ्या लांबघराने त्याला फाडून खाल्लं असतं. ती स्वच्छ नळी पुन्हा पुन्हा पुसत राहिली, कुणाला संशय येऊ नये म्हणून.

“तू बंदूक का नाही आणलीस?” त्याने विचारलं.

“माझ्या हातचं चालत नाही ना,” मुनान म्हणाला. “उगाच समोर आलं आणि हात शिवशिवले तर?”

रादिनला हसू आलं. तो गुडघ्यावर हात टेकून उठला आणि म्हणाला, “चल. दाखव तुझा झरा.”

झऱ्याच्या खालच्या अंगाला एक मोठं झाड होतं, मुळं भिंतीसारखी वर आलेली. मुनानने त्याला तिथे बसवलं आणि स्वतः कुत्र्याला घेऊन वळसा घालून वर गेला. वारा रादिनच्या तोंडावर येत होता. चिखलाचा वास, कुजक्या पानांचा वास. जळवा चढत होत्या, त्या काढायचाही त्याला कंटाळा आला. बसल्या बसल्या डोळा लागतो की काय असं त्याला वाटलं. एके काळी अशा जागी त्याचं रक्त सळसळायचं. आज त्याला नुसतं वाटत होतं, व्हायचं ते होऊन जाऊ दे.

कुत्रा लांब एकदाच भुंकला. मग झुडपं हलली आणि सांबर उतरून आलं.

नर होता. मानेवर चिखल वाळलेला, शिंगं जुनी, एका शिंगाचं टोक मोडलेलं. धावत आला नाही. चालत आला, झऱ्यापाशी थांबला, मागे वळून कुत्र्याचा कानोसा घेतला आणि पाण्याकडे मान घातली. तोही थकलेला असावा. रादिनने बंदूक खांद्याला लावली.

मनाने लगेच कारणं पुढे करायला सुरुवात केली. मध्ये फांदी आहे. म्हातारं जनावर, मांस चिवट निघेल. आत्ताच तर भेकर ओरडलंय. ही सगळी कारणं रादिनच्या ओळखीची होती, वर्षभर त्यांच्याबरोबर त्याने उठबस केली होती. त्याने त्यांना बोलू दिलं. सेलाकाचा हात त्याला दिसत होता, तेलाचं फडकं घेऊन रिकामी नळी पुसणारा. त्याने श्वास सोडला आणि चाप ओढला.

सांबराने दोन उड्या मारल्या आणि पाण्यात गुडघे टेकले. मग आडवं झालं. आवाज डोंगरावर जाऊन परत आला. रादिन उठला नाही. त्याच्या खांद्याला दणका बसला होता, कान वाजत होते, आणि आनंदाचा मागमूस नव्हता. आपल्या हातून झालं, एवढंच त्याला कळत होतं. मुनान धावत खाली आला, सांबराजवळ वाकला, त्याच्या मानेवर हात ठेवून तसाच राहिला. रादिनकडे त्याने पाहिलं नाही. त्याचे खांदे हलत होते, आणि रादिनने शहाणपणाने दुसरीकडे पाहिलं.

जनावर सोलून तोडायला दुपार झाली. मागची एक तंगडी मुनानच्या लांबघराची, कारण रान त्यांचं. मुनान म्हणाला, राहू द्या, सुतकाचं जनावर आहे, आमची माणसं मागणार नाहीत. रादिनने त्याला गप्प केलं. ज्यांच्या जमिनीवर चोरपावलांनी वर्षभर फिरलो, त्यांचा वाटा तरी सरळ देऊ दे, असं तो म्हणाला. तंगडी वेगळी बांधली. बाकीचं मांस हाडं काढून दोन टोपल्यांत भरलं आणि खाली निघाले.

उतरण रादिनच्या गुडघ्याने अक्षरशः मोजून घेतली. तिसऱ्या विसाव्याला त्याच्याने टोपली उचलवेना. मुनानने न विचारता त्यातलं निम्मं आपल्या टोपलीत टाकलं. पुढच्या विसाव्याला उरलेलंही घेतलं. रादिनकडे फक्त बंदूक आणि सांबराचं मुंडकं राहिलं, आणि मोडकं शिंग चालताना त्याच्या मांडीला लागत होतं. पुढे मुनान वाकून चालला होता, पाठीवर दोघांचं ओझं, पोटऱ्यांवरून रक्त आणि घाम गळत होता. सालांग असता तर त्यानेही हेच केलं असतं. हा विचार रादिनला आला आणि त्याने तो हाकलला नाही. त्याच्यात तेवढं त्राणच नव्हतं.

सेलाका धक्क्यावर कपडे धूत होती. होडी वळली तेव्हा तिने मान वर केली. तिला मुंडकं दिसलं, शिंगं दिसली. तिने हातातलं कापड पिळून बाजूला ठेवलं, आणि रादिन धक्क्यावर बसल्यावर नेहमीसारखी त्याच्या पायाशी येऊन जळवा काढू लागली. आज तिच्याने जळवा सुटेनात. मुनान टोपल्या उतरवून वर शिडीकडे गेला. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. मग तिने बंदूक घेतली आणि नळी नाकाशी नेली.

“आज पुसायला वेळ लागेल, बाबा,” ती म्हणाली.

“लागू दे,” रादिन म्हणाला. त्याला आणखी बरंच बोलायचं होतं. वर्षभराचं सगळं तिच्यासमोर ठेवायचं होतं. पण तिने मान खाली घातली होती आणि तिच्या पाठीवर वळलेली वेणी पार रूक्ष झाली होती. माफ कर, एवढं म्हणायलाही त्याला जमलं नाही.

गावजेवण दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवलं. रात्रभर बायकांनी मांस धुरावर धरलं होतं. भाताची दारू निघाली, नदीपलीकडची माणसं तंगडीच्या मानाखातर आली. ओसरीवर चटया अंथरल्या. लुन्साने ती टोपली खोलीतून आणून मधोमध ठेवली आणि ओझं फार असल्यासारखी तिच्या बाजूलाच बसली. सेलाका काळं लुगडं नेसून टोपलीच्या एका अंगाला, रादिन दुसऱ्या अंगाला. लांबघराच्या मुखियाने कोयता हातात घेतला. आधी बापाने सुनेला शब्दाने सोडायचं, मग दोरी कापायची, आणि दोरी कापल्यावर त्या मेलेल्या माणसासाठी कुणी डोळ्यांतून टिपूस काढायचा नाही. काढला तर मेलेला पलीकडची वाट चुकतो. हा नियम सगळ्यांना पाठ होता.

“म्हण,” मुखिया म्हणाला.

शब्द ठरलेले होते. रादिनने याआधी ते दुसऱ्यांच्या तोंडून कितीदा ऐकले होते, आणि त्यात काही अवघड आहे असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

“आजपासून,” तो म्हणाला, “तू माझ्या मुलाची बायको नाहीस.”

वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि मग त्याला ते कळलं. वर्षभर त्याला वाटत होतं की आपण सुनेला धरून ठेवलंय. तसं नव्हतंच. सेलाका बायको होती तोवर सालांग कुणाचा तरी नवरा होता. आता तो कुणाचाही कुणी नव्हता. तो मेला होता. वखारीतून त्याला आणलं तेव्हा लुन्सा जमिनीवर लोळून रडली, सेलाका रडली, शेजारीपाजारी रडले. रादिन खड्डा खणायला गेला होता. खड्डा झाल्यावर पेटी करायला. पेटी झाल्यावर रानात. तो रडला नव्हता.

आता त्याच्या छातीतून असा आवाज निघाला की मागे बसलेली माणसं गप्प झाली. त्याने तोंडावर हात दाबला. दोन्ही हातांनी दाबला तरी तो आवाज थांबेना. कुणीतरी पुटपुटलं, की त्याला धरा, आता रडायचं नाही, सुतक फिटतंय.

मुखियाने कोयता दोरीवर टेकवला होता. तो त्याने उचलला आणि चटईवर ठेवला.

“रड,” तो म्हणाला. “दोरी अजून कापलेली नाही.”

आणि त्याने तंबाखूची गुंडाळी काढून सावकाश वळायला घेतली. पानांवर मांस गार होत चाललं होतं. नदीपलीकडचे पाहुणे चटईकडे बघत बसले, मुनान त्यांच्यात मागे, गुडघे जवळ घेऊन. लुन्सा नवऱ्याच्या पाठीवर हात फिरवू लागली. सेलाका टोपलीला वळसा घालून आली आणि रादिनच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून बसली. कुणी जेवलं नाही, कुणी उठलं नाही.

बऱ्याच वेळाने रादिनने पंच्याने नाक पुसलं. सेलाकाच्या डोक्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

“काप आता,” तो मुखियाला म्हणाला.